उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास लहान विमान मागे वळवून त्याच धावपट्टीवर का उतरवत नाहीत?

धावपट्टी मागेच असते हे खरे, परंतु तिच्याकडे वळण्यापुरती उंची त्या क्षणी बहुधा हाताशी नसते. एका इंजिनाचे विमान चालवायला शिकताना मला सर्वांत जास्त वेळा बजावले गेले ते हेच.

चढताना विमानाचे नाक वर असते, त्यामुळे इंजिनाची शक्ती जाताच वेग झपाट्याने उतरतो आणि तो राखण्यासाठी, जमीन जवळ असूनही, नाक तत्काळ खाली करावे लागते. मन याला सहजी तयार होत नाही. वळताना तर ज्या वेगाखाली पंखांची उचल कोलमडते तो स्टॉलचा वेगच वाढतो: उंची राखून घेतलेल्या ४५ अंश कलाच्या वळणात सुमारे १९ टक्क्यांनी, ६० अंशांत सुमारे ४१ टक्क्यांनी. शिवाय १८० अंश वळल्यावर विमान धावपट्टीला समांतर येते, तिच्या रेषेत नव्हे. त्यासाठी आणखी वळावे लागते. अशा वेळी घाबरून नाक वर ओढले तर एक पंख आधी स्टॉल होतो, विमान गिरकी घेते आणि त्यातून सावरण्याइतकी उंची उरत नाही.

५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथून १९४२ सालचे रायन पीटी-२२ हे लहान विमान घेऊन निघाले आणि सुमारे ११०० फुटांवर इंजिनाची शक्ती गेली. त्यांनी परतण्याचा प्रयत्न केला, पण धावपट्टी गाठता येणार नाही हे ओळखून तो वेळीच सोडला आणि जवळच्या गोल्फ मैदानाकडे वळले. विमान झाडाच्या शेंड्याला घासून आदळले. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. माझ्या मते त्यांचे खरे कौशल्य परतण्याचा हट्ट सोडण्यात होते. तपासात कार्ब्युरेटरचा मुख्य जेट, म्हणजे इंजिनात जाणारे इंधन मोजून सोडणारा छोटा भाग, आपल्या जागेवरून सैल होऊन निघाल्याचे आढळले. त्यामुळे इंजिनात प्रमाणाबाहेर इंधन जाऊ लागले होते. खांद्यावरचा पट्टा आसनाला योग्य रीतीने बसवलेला नव्हता, हेही इजा वाढण्याचे एक कारण ठरले.

म्हणूनच उड्डाणापूर्वी किती उंचीखाली वळायचे नाही हे ठरवून घेतात, आणि त्याखाली इंजिन गेल्यास समोर, थोडेफार डावी-उजवीकडे, मिळेल त्या मोकळ्या जागी उतरतात. ही उंची विमान, वजन आणि वाऱ्यानुसार बदलते, त्यामुळे ती प्रशिक्षकासोबत सुरक्षित उंचीवर सराव करूनच काढावी.