आधी नुसतं पाणी दाखव

कोल्हापूर, रविवार

चि. पोरी,

परवा तू घरी आलीस तेव्हा तुला नीट उत्तर दिलं नाही. पाहुणे बसले होते, आणि ‘सर, स्कॅटरिंगमध्ये पीएचडी करू की बँकेच्या परीक्षा देऊ?’ हा प्रश्न दारात चपला घालता घालता विचारायचा नसतो. म्हणून हे पत्र. बँकेचं मला काही कळत नाही, तेव्हा त्यावर लिहीत नाही.

तुझे वडील दूध संस्थेत संकलनाला असतात. सकाळी किटल्यांची रांग आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, ‘फॅट किती लागलं?’ आता तिथं असलेलं यंत्र बहुधा ध्वनिलहरींवर चालतं. त्याआधी फॅट मोजायला जे मिल्कोटेस्टर असायचे, त्यांच्या पोटात मात्र माझा अख्खा विषय, स्कॅटरिंग म्हणजे प्रकाशाची उधळण, होता. दूध पांढरं दिसतं, कारण त्यातले स्निग्धाचे गोळे आणि केसीन या प्रथिनाचे कण प्रकाश चहूकडे उधळतात. फॅट मोजायचं तर फक्त गोळ्यांनी उधळलेला प्रकाश हवा, मध्ये केसीन बडबडत राहिलं तर आकडा चुकणार. म्हणून दुधात ईडीटीए या रसायनाचं द्रावण मिसळायचे. केसीनचे कण कॅल्शियमच्या आधारावर उभे असतात. ईडीटीए ते कॅल्शियम काढून घेतं, कण विस्कटतात आणि गढूळपणा उरतो तो फॅटचा. मग दाबानं गोळे फोडून एकसारखे बारीक करायचे, कारण कणाचा आकार बदलला की उधळण बदलते. हे दोन टप्पे ज्याला कळले त्याला बायोसेन्सिंग, म्हणजे जैविक नमुन्यात हवा तो पदार्थ हुडकणं, निम्मं कळलं, असं माझं मत आहे.

आता माझी फजिती सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका अँटिबॉडीचा, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनाचा, आकार मोजत होतो. पद्धत सोपी: द्रावणात लेसर सोडायचा, कण थरथरतात तसा उधळलेला प्रकाश लुकलुकतो, आणि लुकलुकण्याच्या वेगावरून आकार काढायचा. बारीक कण झपाझप हलतात, मोठे सुस्त. अँटिबॉडी असते 10 नॅनोमीटरच्या आसपास. मला त्याच्या शेजारी कितीतरी मोठं, ठसठशीत शिखर दिसायला लागलं. मी ठरवून टाकलं की अँटिबॉडी आपल्या लक्ष्याला चिकटून घोळके करतायत. तीन महिने आलेख काढले, पेपरचा मसुदा लिहिला. गाइडनी तो वाचला, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, ‘आधी नुसतं पाणी दाखव.’

नुसत्या पाण्यातही तेच शिखर होतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन महिनाभर खिडकीत उभा होता आणि तळाशी हात घातला तर बुळबुळीत लागला. मी तीन महिने जिवाणूंचं माप काढत होतो.

यामागचं गणित तुला माहीत असायला हवं. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांसाठी उधळण त्रिज्येच्या सहाव्या घातानं वाढते. म्हणजे 10 नॅनोमीटरच्या प्रथिनाशेजारी 100 नॅनोमीटरचा धुळीचा एक कण आला, तर तो एकटा दहा लाख प्रथिनांइतका प्रकाश फेकतो. सभेत एकानं भोंगा लावल्यावर बाकीच्यांचं ऐकू येईल का?

तरी कचरा प्रत्येक वेळी कचराच असतो असंही नाही. 1923 मध्ये कलकत्त्यात, रामन यांच्या प्रयोगशाळेत, के. आर. रामनाथन यांना द्रवांतून उधळलेल्या प्रकाशात रंग बदललेला एक मंद अंश दिसला. अशुद्धीमुळे येणारं प्रतिदीपन (फ्लुओरेसन्स) असणार, असं धरून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले गेले. तो अंश काही जाईना. 28 फेब्रुवारी 1928 ला ज्याचा उलगडा झाला तो रामन परिणाम हाच. मला यात आवडतो तो आधीचा शुद्धीकरणाचा कंटाळवाणा भाग. धुऊन गेला असता तर तो मळ होता. जात नाही हे कळायला आधी धुवावंच लागलं.

रामनचा संकेत फार क्षीण, साधारण कोटीभर फोटॉनमागे (प्रकाशकणांमागे) एखादा. तो वाढवायला चांदी लागते आणि इथं आपली चांदीच्या दागिन्यांची हुपरी आठवते. हुपरीचा कारागीर पैंजण घासून घासून गुळगुळीत करतो. आम्हाला चांदी खरबरीत हवी, तीही नॅनोमीटरांत. 1974 मध्ये फ्लायशमन आणि सहकाऱ्यांनी चांदीचा इलेक्ट्रोड खरबरीत केला तो पृष्ठभाग वाढावा म्हणून. रामनचा संकेत भरपूर आला. 1977 मध्ये दुसऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की वाढलेल्या पृष्ठभागानं एवढी वाढ होणं शक्यच नाही, ती काही लाख पट आहे. पहिल्यांनी संकेत पाहिला, दुसऱ्यांनी भागाकार केला. तू भागाकार करणाऱ्यांत राहा.

बायोसेन्सरचं म्हणशील तर बफरमध्ये, म्हणजे स्वच्छ तयार द्रावणात, सगळेच चालतात. क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम लावून ग्लुकोज ओळखायची कल्पना मांडली 1962 मध्ये, आपलं शिवाजी विद्यापीठ निघालं त्याच वर्षी. त्यानंतर किती सेन्सर आले आणि कपाटात गेले याला गणती नाही. खऱ्या रक्तात, खऱ्या दुधात प्रथिनं जिथं तिथं चिकटतात आणि सेन्सर आंधळा होतो. (गंमत बघ, हे चिकटणं थांबवायला मोकळी जागा आधीच भरून टाकतात, आणि त्यासाठी प्रयोगशाळांत सर्रास दुधाची पावडर वापरतात.) म्हणून पहिल्या वर्षीच संस्थेतलं दूध आण, त्यात तुला ओळखायचा तो पदार्थ मोजून घाल आणि तेवढाच परत सापडतो का बघ. थेसिसच्या शेवटच्या महिन्यात हे करणाऱ्यांना मी रडताना पाहिलंय.

गाइड निवडताना पेपरांची यादी बघू नकोस. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या लॅबमध्ये जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला चहाला ने आणि विचार की गेल्या सहा महिन्यांत यंत्र किती दिवस बंद होतं आणि ते दुरुस्त कोणी केलं. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा काढ, महिना 37,000 रुपये मिळतात, पण वेळेवर मिळतील असं धरून खोली घेऊ नकोस.

आपल्याकडचा पाऊस लेन्सचा वैरी. जून लागला की भिंगांवर बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि प्रकाश उधळते, मग तुझा नमुना बाजूला आणि बुरशीचं स्कॅटरिंग सुरू. भिंगं डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेव, त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली की भाजून घे. आरसा धरायचा माउंट परदेशातून मागवायच्या आधी उद्यमनगरात लेथवाल्याकडे चक्कर मार. ड्रॉइंग नीट दिलंस तर तो चार दिवसांत करून देतो, वर तुझ्या ड्रॉइंगमधली चूकही दाखवतो.

पुढच्या शनिवारी ये. अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या ग्लासात दुधाचे दोन थेंब टाकून मोबाइलचा टॉर्च लावू. बाजूनं बघितलंस तर निळसर, समोरून बघितलंस तर दिव्यावर तांबूस झाक. दूध म्हशीचं आण, उरलेल्याचा चहा होईल.

तुझा,
सर