‘द वायर’ या मालिकेला एवढं का मानतात?

तुम्ही विचारलंय की चांगल्या पोलिसी मालिकांची कुठलीही यादी निघाली की ‘द वायर’ वरच्या दोन-तीनांत असतेच, तर तिच्यात असं काय आहे, ती कशातून घडली आणि तिच्यामुळे खरंच काही बदललं का. शिवाय दोन भाग बघून तुम्ही ती सोडलीत, कारण कोण कुणाचा माणूस हेच कळेना.

न कळणं साहजिक आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले पोलिस आणि अमली पदार्थांच्या टोळ्या यांची ही मालिका कुणाचीच ओळख करून देत नाही. नव्या गावात बदली होऊन गेल्यावर माणसं जशी हळूहळू ओळखीची होत जातात, तसंच इथे होतं. तिसऱ्या भागात अमली पदार्थांच्या टोळीतला डी’अँजेलो आपल्या हाताखालच्या पोरांना बुद्धिबळ शिकवतो. त्या पोरांना फक्त धंदा कळतो, म्हणून तो धंद्याच्या भाषेत समजावतो: राजा म्हणजे मालक, हत्ती म्हणजे मालाचा साठा, जो सारखा हलवत राहायचा असतो. मग एक पोरगा विचारतो, प्याद्यांचं काय? तेवढ्या काही मिनिटांत पुढच्या पाच सीझनची कथा सांगून झालेली असते. तिथपर्यंत तरी बघाच.

आता प्रभावांबद्दल. पहिला आणि सगळ्यात मोठा प्रभाव वार्तांकनाचा. निर्माता डेव्हिड सायमन हा ‘बाल्टिमोर सन’ दैनिकात क्राइम रिपोर्टर होता. १९८८ साली त्याने कामावरून रजा घेतली आणि वर्षभर शहर पोलिसांच्या खून तपास पथकासोबत वावरला. त्यातून १९९१ साली पुस्तक आलं आणि त्या पुस्तकावरून एनबीसी वाहिनीने मालिका केली. त्याचा जोडीदार एड बर्न्स वीसेक वर्षं बाल्टिमोर पोलिसात होता आणि निवृत्त झाल्यावर सरकारी शाळेत शिक्षक झाला. म्हणजे लिहायला बसलेल्या या दोघांनी पोलिस ठाणं, वृत्तपत्राची कचेरी आणि वर्ग, तिन्ही आतून बघितलेले. सोबतीला जॉर्ज पेलेकॅनोस, रिचर्ड प्राइस आणि डेनिस लेहेन हे गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिणारे कसलेले लेखक.

मालिकेत पोलिस टोळीला पकडायला तिचे फोन चोरून ऐकतात. ही फोन टॅपिंगची गोष्टही हवेतून आलेली नाही. बर्न्सने १९८० च्या दशकात मेल्विन विल्यम्स या बाल्टिमोरमधल्या अमली पदार्थांच्या बड्या व्यापाऱ्याचा तपास केला होता आणि १९८४ मध्ये त्याला अटक झाली. सायमनने त्या प्रकरणाच्या बातम्या लिहिल्या होत्या. २००३ मध्ये विल्यम्स तुरुंगातून सुटला आणि तिसऱ्या सीझनपासून याच मालिकेत चर्चमधल्या डीकनच्या, म्हणजे धर्मसेवकाच्या, भूमिकेत दिसू लागला. ज्याने पकडलं त्याच्याच मालिकेत काम! मला या मालिकेबद्दलची ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

दुसरा प्रभाव ग्रीक शोकांतिकेचा. सायमनने स्वतः हे मुलाखतींत सांगितलंय. सोफोक्लिसच्या नाटकात माणूस कितीही धडपडला तरी देव त्याचं नशीब आधीच ठरवून बसलेले असतात. ‘द वायर’मध्ये देवांच्या जागी संस्था आहेत: पोलिस खातं, महापालिका, शिक्षण खातं, बंदरावरची कामगार संघटना, वृत्तपत्र आणि अर्थातच अमली पदार्थांची टोळी. प्रत्येक सीझन यातल्या एकेका यंत्रणेत शिरतो. शहाणा पोलिस अधिकारी असो की शहाणा गुन्हेगार, यंत्रणा बदलायला निघाला की यंत्रणाच त्याला चेपते. खुनी कोण, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. म्हणूनच नेहमीच्या तपासमालिकांची सवय असलेल्याला ही सुरुवातीला संथ वाटते.

तपास दाखवायची पद्धतही अशीच निराळी. चौथ्या भागात मॅकनल्टी आणि बंक हे दोन डिटेक्टिव्ह जुन्या खुनाच्या जागी, एका रिकाम्या स्वयंपाकघरात जातात. खुनाचे फोटो मांडतात, टेपने अंतर मोजतात, गोळीचा मार्ग लावत लावत फ्रीजपर्यंत येतात, रुतलेली गोळी काढतात आणि मग खिडकीबाहेर जाऊन काडतुसाची पुंगळी शोधतात. जवळजवळ पाच मिनिटं दोघांच्या तोंडी एका शिवीखेरीज दुसरा शब्द नाही. पार्श्वसंगीत नाही, खुलासा नाही. प्रेक्षकाने स्वतः बघून समजून घ्यायचं. प्रेक्षकावर इतका विश्वास टाकणारं लेखन तोवर टीव्हीवर फार कमी होतं.

माझ्या मते मालिकेचा गाभा चौथ्या सीझनमध्ये आहे. पोलिसातून बाहेर पडलेला प्रेझ सरकारी शाळेत गणित शिकवायला लागतो. एका बैठकीत त्याला सांगतात की आता शिकवणं बाजूला ठेवा, परीक्षेतल्या प्रश्नांचा सराव करून घ्या म्हणजे शाळेचे आकडे वर जातील. आणि त्याच्या लक्षात येतं की हे आपण पोलिसात असताना पाहिलेलं आहे. तिथे जबरी चोरीची साधी चोरी करून आकडे खाली आणायचे, इथे वर न्यायचे. आकडे दिसले की वरच्याची बढती. हे बघताना आपल्याकडच्या कुणालाही मोबाइलचोरीची तक्रार आठवेल. खिशातून मारलेला फोन कागदावर ‘गहाळ’ होतो, ‘चोरीला गेला’ असं लिहून घेताना हात आखडतो. मालिकेतल्या त्या वर्गात बसलेल्या मायकेल, नेमंड, रँडी आणि ड्यूकी या चार मुलांचं पुढे काय होतं ते इथे सांगत नाही. ते बघितल्यावर मला बरेच दिवस दुसरी कुठली मालिका लावावीशी वाटली नव्हती.

आता परिणाम. २००२ ते २००८ या काळात एचबीओ वाहिनीवर ६० भाग झाले, प्रेक्षक कधीच फार नव्हते. एमी या टीव्ही पुरस्कारांसाठी फक्त दोन नामांकनं मिळाली, दोन्ही लेखनासाठी, आणि पुरस्कार एकही नाही. नाव झालं ते नंतर, डीव्हीडी आणि तोंडी शिफारशींतून. २००८ च्या निवडणुकीआधी ओबामांनी ही आपली सगळ्यात आवडती मालिका आणि ओमार हे आवडतं पात्र असल्याचं सांगितलं. हार्वर्डमध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी शहरी विषमतेचा अभ्यासक्रम या मालिकेच्या आधारे शिकवला. किमा हे पात्र करणाऱ्या सोन्या सोहनने बाल्टिमोरमधल्या वाट चुकलेल्या तरुणांसाठी संस्था काढली.

२०११ मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एरिक होल्डर यांनी मालिकेचा आणखी एक सीझन काढा असं म्हटलं. सायमनचं उत्तर असं होतं की न्याय खातं अमली पदार्थांविरुद्धच्या धोरणाचा फेरविचार करणार असेल तर आम्ही सहाव्या सीझनला तयार आहोत. सहावा सीझन काही आला नाही. मालिकेने चर्चा बदलली. आकड्यांसाठी चालणारी पोलिसगिरी आणि तुरुंगात खितपत पडलेली गरीब काळी पोरं यांबद्दल बोलायला लोकांना ठोस उदाहरणं दिली. धोरण बदलायची ताकद मालिकेत नसते, आणि तसा दावा सायमननेही केला नाही.

बाल्टिमोरमध्ये मात्र सगळेच खूश नाहीत. शहराच्या एका पोलिस आयुक्तांनी तर हा शहरावरचा कलंक पुसायला दशकं लागतील अशी टीका केली होती. त्या रागात तथ्य आहे. तिथे नोकरी-संसार करणाऱ्या साध्या माणसांचं शहर मालिकेत फारच कमी दिसतं. स्त्री-पात्रंही बहुतेक अपुरी राहिली आहेत, आणि पाचव्या सीझनमधलं बनावट खुन्याचं प्रकरण मला आजही पटत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलिसांच्या कोठडीत जखमी होऊन मरण पावला आणि बाल्टिमोर पेटलं. २०१७ मध्ये बेकायदा शस्त्रं पकडण्यासाठी नेमलेल्या पथकातले पोलिसच लोकांना लुबाडल्याबद्दल अटकेत गेले. त्या प्रकरणावर सायमन आणि पेलेकॅनोस यांनी २०२२ मध्ये ‘वी ओन धिस सिटी’ ही सहा भागांची मालिका केली. ‘द वायर’मध्ये निर्दय मार्लो झालेला जेमी हेक्टर तिच्यात डिटेक्टिव्ह आहे. पाचही सीझन झाले की लगेच तीही बघा, आधी नको.