उत्क्रांती : 'उत्' म्हणजे वर की बाहेर?

बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाचा बेडूक होतो, त्याला 'उत्क्रांती' म्हणायचे की 'विकास', आणि 'अनुकूलन' या दोहोंत कुठे बसते, असे जीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीत संपते: तो विकास, नेमके बोलायचे तर रूपांतरण. एकटा जीव आपल्या हयातीत उत्क्रांत होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते ते त्या जातीच्या समूहातले जनुकांचे प्रमाण. म्हणून 'जिराफाने मान उत्क्रांत केली' हे वाक्य चूक, आणि 'माणूस हा सर्वांत उत्क्रांत प्राणी' हे त्याहून चूक. हे दुसरे वाक्य भाषणांत, लेखांत, अगदी वर्गातही कानावर पडते आणि दर वेळी चीड येते. आजचा जीवाणू आणि आजचा माणूस, दोघांच्या मागे उत्क्रांतीचा काळ सारखाच आहे. अंधाऱ्या गुहेत पिढ्या काढून डोळे गमावलेला मासा हीसुद्धा उत्क्रांतीच.

या चुकीचे खापर शब्दावर फोडणारे विद्वान आहेत. 'उत्' म्हणजे वर, 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, तेव्हा उत्क्रांतीत वर चढणे आलेच. सबब हिंदीप्रमाणे 'क्रमविकास' म्हणा, असा त्यांचा आग्रह. हा तर रोगापेक्षा इलाज भयंकर! 'विकास' या शब्दात प्रगती काठोकाठ भरलेली आहे, शिवाय भ्रूणाच्या विकासाशी घोळ होणार तो वेगळाच. बेडकाचा प्रश्न त्या घोळातूनच आला आहे.

मुळात 'उत्'चा अर्धाच अर्थ सांगितला जातो. उत्सर्जन, उच्छ्वास, उद्गार, उच्चार: यांत वर कोण चढते? सगळीकडे बाहेर पडणे आहे. आणि खुद्द 'उत्क्रांती' हा शब्द संस्कृतात डार्विनच्या कितीतरी शतके आधीपासून याच अर्थाने नांदतो आहे. जीव देह सोडून निघतो, ती उत्क्रांती. गीतेच्या पंधराव्या अध्यायातले 'यच्चाप्युत्क्रामतीश्वरः' हे त्याच निघण्याबद्दल आहे. ब्रह्मसूत्रांत तर आख्खे सूत्र आहे, 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्': देहातून निघणे, जाणे आणि परत येणे. देह मागे राहतो, वारसा पुढे निघतो. जनुकांच्या बाबतीत याहून नेमके काय म्हणता येईल?

माझ्या मते हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षाही सरस आहे. 'इव्होल्यूशन' आला लॅटिन 'एव्होल्वेरे'वरून, म्हणजे गुंडाळलेले भेंडोळे उलगडणे. अठराव्या शतकात आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने तो भ्रूणासाठी वापरला, तोही आधीच घडलेला चिमुकला जीव नुसता उलगडतो या कल्पनेपोटी. उलगडणे म्हटले की मजकूर आधीच लिहिलेला आला. डार्विनच्या 1859च्या 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत हे नाम नाहीच. 'इव्हॉल्व्ड' हा शब्द मात्र अगदी शेवटी येतो. नाम शिरले ते 1872च्या सहाव्या आवृत्तीत. तोवर डार्विनचे काम 'बदलांसह वंशसातत्य' अशा अर्थाच्या शब्दप्रयोगावर चालले होते. बाहेर पडणाऱ्याची वाट आधी लिहिलेली नसते, आणि हे फक्त आपला शब्द सांगतो.

'उत्क्रांती म्हणजे सावकाश होणारी क्रांती' हेही एकदाचे थांबवा. जुन्या ज्योतिषात क्रांती म्हणजे सूर्याचे विषुववृत्तापासूनचे अंतर. ते वाढते आणि पुन्हा कमी होते. त्यात उलथापालथ नाही की चढण नाही.

उत्क्रांतीला चढण नसते हे पाहायचे तर प्रशांत महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहातल्या डाफ्ने मेजर या बेटावर जावे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्याने तिथे फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षे मोजल्या. 1977 साली दुष्काळ पडला, मऊ बारीक बी संपले, उरली सराट्याच्या जातकुळीतली टणक काटेरी फळे. ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी तगले आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने जाड निघाली. 1983 साली एल निनोमुळे धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि पुढच्या वर्षांत निवडीचा कौल लहान चोचींकडे फिरला. आता यातली कोणती चोच 'अधिक उत्क्रांत' ते कुणीतरी सांगावे! गती आणि आगती, दोन्ही त्या सूत्रातल्यासारख्या.

राहिले अनुकूलन. दुष्काळात उपयोगी पडलेली जाड चोच हे अनुकूलन, म्हणजे नैसर्गिक निवडीने घडवलेला गुण. पण छोट्या समूहात निव्वळ योगायोगानेही जनुकांचे प्रमाण बदलते. तीही उत्क्रांतीच, आणि तिथे अनुकूलन असेलच असे नाही. उत्तरपत्रिकेत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.