चेंजलॉगमध्ये नुसतं 'किरकोळ सुधारणा' लिहिलेलं असतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय की पेमेंट गेटवेच्या रिफंड वेबहुकमध्ये (गेटवे आपणहून आपल्या सर्व्हरला पाठवतो तो संदेश) अचानक एक नवीन स्टेटस येऊ लागलं. व्हर्जन तेच, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) फक्त 'किरकोळ सुधारणा', आणि सपोर्ट म्हणतोय की स्टेटसच्या यादीत एक व्हॅल्यू वाढली तर तो ब्रेकिंग चेंज (जुना कोड मोडणारा बदल) होत नाही. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सिग्नेचर तपासणं, डुप्लिकेट वेबहुक गाळणं वगैरे तुमच्याकडे आहे असं धरतो.

सपोर्टचं म्हणणं अर्धंच खरं आहे. जावामध्ये जॅक्सन (जेसन वाचणारी लायब्ररी) वापरत असाल तर अनोळखी ईनम व्हॅल्यू (ठरलेल्या यादीबाहेरची) आली की तो मुळातच एक्सेप्शन म्हणजे एरर टाकतो. जॅक्सन २ अनोळखी फील्डवरही टाकतो, फक्त स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) ते बंद करून देतं. मग तुमच्याकडून ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) जातो, गेटवे तोच वेबहुक आणखी थोड्या वेळा पाठवून बघतो आणि थांबतो. ग्राहकाला पैसे मिळालेले असतात आणि तुमच्या टेबलात रिफंड अडकलेला दिसतो. 'ही यादी पुढे वाढू शकते' एवढं वाक्य डॉक्युमेंटेशनमध्ये आधीपासून असेल तर सांभाळून घेणं आपलं काम. नसेल तर चूक त्यांची. अर्थात हे माझं मत. तुमच्या करारात काय लिहिलंय ते एकदा बघा.

तुमच्याकडे किमान काहीतरी मोडलं, म्हणून कळलं. ज्यात काहीच मोडत नाही तो बदल खरा महागात पडतो. आम्हाला सगळ्यात जास्त भोवला तो एका पेमेंट कंपनीचा (नाव घेत नाही) सेटलमेंट एपीआय, म्हणजे व्यापाऱ्याला वळत्या केलेल्या रकमांचा हिशोब देणारा. 'अमाउंट' फील्डचं नाव तेच, प्रकार तोच, रुपयांऐवजी पैशांत मोजलेला पूर्णांक. आधी त्यात एकूण रक्कम यायची, पुढे फी वजा करून यायला लागली. १,००० रुपयांच्या ऑर्डरवर २ टक्के फी म्हणजे २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३.६० रुपये, म्हणजे १००००० पैशांऐवजी ९७६४०. आपला कोड त्यातून फी पुन्हा वजा करणार. स्कीमा (फील्डची नावं आणि प्रकार) बदललेलाच नाही, त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्या. चेंजलॉगमध्ये 'रिस्पॉन्समध्ये सुसूत्रता', आणि तिकिटावर उत्तर, 'डॉक्युमेंटेशन अपडेटेड आहे'. होतंच अपडेटेड, पण जुना मजकूर पुसून त्या जागी नवा लिहिलेला, आणि कधीपासून लागू ते कुठेच नाही. त्यामुळे कुठली नोंद जुन्या अर्थाची आणि कुठली नव्या, हे बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवत ठरवावं लागतं. तारीख लिहिली असती तर एका क्वेरीत काम झालं असतं. याचा राग अजून गेलेला नाही. फील्डचा अर्थ बदलायचा असेल तर नवीन नावाचं फील्ड द्यावं आणि जुन्याला हात लावू नये, यावर मी तडजोड करणार नाही.

नीट लिहिता येतं, हे दाखवणारी उदाहरणं आहेत. २०२१ मध्ये कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) १.२२ मधून इन्ग्रेसचं (बाहेरची ट्रॅफिक आत वळवणाऱ्या नियमांचं) बीटा रूप काढलं, तेव्हा मायग्रेशन गाइडमध्ये साफ होतं: नवीन रूप १.१९ पासून मिळतंय, 'सर्व्हिसनेम'चं 'सर्व्हिस.नेम' झालं, आकडी पोर्ट 'सर्व्हिस.पोर्ट.नंबर'मध्ये गेला, 'पाथटाइप' सक्तीचं झालं. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने 'एनपी.इंट' १.२० मध्ये डेप्रिकेट केलं (पुढे काढणार असं जाहीर केलं), १.२४ मध्ये काढलं, आणि त्याऐवजी काय वापरायचं ते एरर मेसेजमध्येच लिहिलं. रात्री दोन वाजता लॉग बघणाऱ्याला रिलीज नोट्स शोधत बसायची गरज नाही.

आता तुमच्यापुरतं. वेबहुकचा कच्चा पेलोड (आलेला मजकूर जसाच्या तसा) पार्स करण्याआधी साठवा, २०० ('मिळालं' असं उत्तर) द्या, मग प्रक्रिया करा. अनोळखी स्टेटस वेगळ्या रांगेत टाकून अलर्ट लावा. त्याला कधीही 'यशस्वी' समजू नका. गेटवेची ओपनएपीआय फाइल (एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन) मिळत असेल तर रोज उतरवून गिटमध्ये ठेवा आणि ओएएसडिफ या टूलने तुलना करा. अर्थ बदलला तर यात दिसेलच असं नाही, पण वर्णनाचा मजकूर बदललेला गिटच्या डिफमध्ये दिसतो, आणि तारखेचा पुरावा आपल्याकडे राहतो. त्यांच्या रिस्पॉन्समध्ये 'सनसेट' हेडर (कधी बंद होणार ते सांगणारा, आरएफसी ८५९४) येतो का तेही लॉग करा. आणखी एक: बदलाच्या सूचना खातं उघडणाऱ्याच्या ईमेलवर जातात, म्हणजे बहुतेक वेळा अकाउंट्सकडे किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे. तिथे टीमचा ग्रुप पत्ता घाला.

तिकिटात 'असं का केलं' विचारू नका, उत्तर मिळत नाही. नवीन स्टेटस प्रॉडक्शनमध्ये कुठल्या तारखेला किती वाजता सुरू झालं, वेळ आयएसटी की यूटीसी, आधीच्या रिफंडनाही ते लागू आहे का, आणि त्यानंतर कुठलं स्टेटस येऊ शकतं, एवढं लेखी मागा. एक पेलोड जोडा, कार्ड नंबर आणि फोन झाकून.