ग्रेनेडात एकच दिवस जमिनीवर मिळणार असेल तर

तुमचा प्रश्न असा, की आठ मित्र कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) घेऊन कॅरिबियनमधल्या बेक्विया बेटाहून दक्षिणेला येताय, ग्रेनेडाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसला एक पूर्ण दिवस आहे, तर बेट दाखवणारी टॅक्सी करावी की कसं. आम्ही सहाजण फेब्रुवारी 2023 मध्ये याच वाटेने गेलो होतो. टॅक्सी केली आणि पस्तावलो. दोन दिवस मुक्काम वाढवला, म्हणून बेट थोडंफार दिसलं.

पहिलं म्हणजे उतरल्यावर तासभर काही ठरवू नका. पाच-सहा दिवस बोटीवर काढले की धक्क्यावरही जमीन डुलते. आमच्यातला एकजण किनाऱ्यावरच्या बाकावर खांबाला धरून बसला होता, बोटीवर मात्र ठणठणीत! दुसरं, आठहीजण एकत्र फिरू नका. इतके दिवस एकाच संडासाच्या पाळ्या लावल्यावर माणसांना एकमेकांपासून सुट्टी हवी असते. पाणी भरणं, बर्फ, कपडे धुवायला टाकणं ही कामं दोघांनी सकाळीच उरकावीत, बाकीच्यांनी सुटावं.

टॅक्सीवाल्याने आम्हाला धबधबा, किल्ला, ग्रँड एतांगचं तळं असं सगळं पळवत दाखवलं. प्रत्येक ठिकाणी क्रूझ जहाजातून उतरलेली गर्दी. म्हणून बंदरात मोठं जहाज लागलंय का, ते आधी बघा. लागलं असेल तर सरळ पाच नंबरची बस धरून पश्चिम किनाऱ्याने गुयाव या गावाला जा. आपल्या वडापसारखीच व्हॅन असते, गाणी कर्कश, वळणं त्याहून कर्कश. चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, नाहीतर लोकांना ते उद्धट वाटतं. उतरायचं असेल तेव्हा टपावर टकटक करायची. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका.

गुयावला जायचं ते जायफळाच्या कारखान्यासाठी. माझं आजोळ गुहागरकडचं. वाडीत नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळाची झाडं होती, त्यामुळे मला वाटायचं यात काय बघायचं! पण तिथे लाकडी तीन मजली इमारतीत फळ्यांवर पसरलेली जायफळं, ती वरखाली करणारे दांडे, आणि शिरताक्षणी नाकात बसणारा श्रीखंडाचा वास. निवडायची पद्धत तर आजीचीच वाटली: पाण्यात टाकायचं, बुडेल ते चांगलं, तरंगेल ते हलकं. 2004 च्या आयव्हन वादळाने बेटावरची बहुतेक झाडं झोपवली. त्याआधी इंडोनेशियाच्या खालोखाल जगात याच चिमुकल्या देशाचा नंबर होता. नवं झाड फळाला यायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे एका दिवसाचं नुकसान दशकभर पुरतं. ग्रेनेडाच्या झेंड्यावरही जायफळच आहे. जायपत्री घ्या, घरी सगळे खूश होतील.

परत आलात की सेंट जॉर्जेसचा बाजार. शनिवारी सकाळी तो सगळ्यात जास्त भरतो. तिथे ‘सॅफ्रन’ स्वस्त मिळतंय म्हणून आमच्या मंडळींनी पुड्या बांधून घेतल्या. बोटीवर उघडल्या, तर हळद! तिथे हळदीलाच सॅफ्रन म्हणतात. जेवणात ‘ऑइल डाउन’ सोडू नका: नीरफणस, अळूची पानं, हळद, नारळाचं दूध, सगळं एका पातेल्यात आटेपर्यंत शिजवलेलं. त्यात खारवलेलं मांस किंवा मासा असतोच, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. त्यांच्यासाठी डाळपुरी आहे, पुरणपोळीची तिखटमिठाची चुलत बहीण. ती तिकडे गेली कशी? 1 मे 1857 ला ‘मेडस्टोन’ जहाजातून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर ग्रेनेडाला उतरले. आपण हौसेने ज्या पाण्यावर शिडं उभारतो, तिथे ती माणसं उसाच्या मळ्यात राबायला आली होती. पोळी हातात धरल्यावर आमची बडबड जरा थांबली होती.

किरकोळ पण महत्त्वाचं: लष्करी छापाचे कपडे अजिबात घालू नका, तिथे कायद्याने बंदी आहे. पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडू नका. पूर्व कॅरिबियन डॉलर अमेरिकन डॉलरला 2.70 असा बांधलेला आहे, त्यामुळे कोणी ‘डॉलर’ म्हणालं की कुठला ते विचारा. मी न विचारता आंबे घेतले आणि जवळजवळ तिप्पट मोजले. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर यायची छोटी होडी, साखळीने कुलूप लावूनच बांधा.

वाटेत कॅरिआकूला थांबायचं असेल तर आधी चौकशी करा. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळाने त्या बेटाची धूळधाण केली, तेव्हा माझ्या वेळची माहिती तिथे चालायची नाही. ग्रेनेडाच्या पाच नंबरच्या बसबद्दल मात्र बिनधास्त विचारा.