दुसरीतली मुलं 25 च्या जागी 52 लिहितात, वर्गात कोणता उपक्रम घ्यावा?

काड्यांचे गठ्ठे. आईस्क्रीमच्या, खराट्याच्या, कसल्याही काड्या चालतील. चिंचोके मात्र इथे नकोत, ते बांधता येत नाहीत. दहा काड्या मोजून रबरबँड मुलांनी स्वतः लावायचा. तयार गठ्ठे हातात दिलेत तर अर्धा उपक्रम वाया गेला.

मग 'पंचवीस' म्हणा. बरीच मुलं आधी पाच सुट्ट्या काड्या उचलतात, मग दोन गठ्ठे. त्याच क्रमाने डावीकडून लिहिलं की झाले 52! मूल 'कच्चं' नाही, कानावर पडलं तसं लिहितंय. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला विचाराल तर सुरुवातीला दोन्ही वाचनं शेजारी शेजारी चालू द्यावीत. फरशीवर खडूने दोन घरं आखा, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. काड्या घरात ठेवल्याशिवाय अंक लिहायचाच नाही.

एकोणतीस, एकोणचाळीस यांना वेगळा वेळ द्या. एकोणचाळीससाठी चार गठ्ठे मांडा, एक सोडायला लावा आणि त्यातली एक काडी काढून घ्या. उरतात तीन गठ्ठे, नऊ सुट्ट्या. हेच गठ्ठा सोडणं पुढे हातच्याच्या वजाबाकीत कामाला येतं.

पट मोठा असेल तर चौघांचे गट करा: एकाने संख्या सांगायची, दुसऱ्याने मांडायची, तिसऱ्याने लिहायची, चौथ्याने तपासायची. तपासनीस व्हायला सगळ्यांनाच आवडतं, तेव्हा पाळी बदलत राहा.