वाचक विचारतात: म्हातारा मोत्या आणि ठमीचा हंगाम

प्रश्न: ओहायोच्या जंगलात बाज घेऊन खारींच्या शिकारीला जाताना तुम्ही 13 वर्षांच्या मोत्यालाही नेता, असं मागच्या अंकात वाचलं. त्याला नीट ऐकू येत नाही, कमी दिसतं, हेही तुम्हीच लिहिलंय. या वयात त्याला घरी उबेत ठेवायला नको का?
– एक वाचक

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे. हंगाम सुरू होण्याआधी मीही हाच विचार करत होतो.

मोत्या फाइस्ट जातीचा आहे. ही छोटी, चपळ कुत्री खारीचा माग काढतात आणि ती ज्या झाडावर चढली त्याच्या बुंध्याशी उभं राहून भुंकतात. पूर्वी तो माझ्यापुढे दोनशे पावलं असायचा, आता तीस. पूर्वी बुंध्यावर पुढचे पाय टेकून उभा राहायचा, आता मुळाशी बसतो आणि दोनदाच भुंकतो. नाक मात्र शाबूत आहे.

शिकारीच्या दिवशी त्याच्याकडे बघून मी काहीच ठरवत नाही. ठमीला, म्हणजे माझ्या बाजाला, शिकारीआधी तोलायचा काटा बाहेर काढला की तो दुखणं विसरतो, म्हणून त्या दिवशीचा उत्साह खरा धरायचा नाही. मी बघतो दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून एका दमात उठला, तर दोन दिवस विश्रांती आणि मग पुन्हा जंगल. मागचे पाय उचलायला दोनदा प्रयत्न करावा लागला, तर आठवडाभर सुट्टी. यंदा अशा सुट्ट्या चार झाल्या. शिकार तासाभराची, त्याहून जास्त नाही. गाडीतून उडी मारू देत नाही, फळी लावतो. बर्फातून आल्यावर बोटांमध्ये अडकलेले गोळे हातानं काढतो. औषध फक्त पशुवैद्यांनी दिलेलं. आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नका, आयब्युप्रोफेन तर त्यांना विषच आहे.

खरा धोका थंडीचा नाही, ठमीचा आहे. तिला मोत्याचा लळा नाही, फक्त सवय आहे. ती खार धरून जमिनीवर बसलेली असताना कुत्रा अंगावर आला, तर ती त्याच्या तोंडावर पंजा टाकू शकते. मोत्याला आता तिचं घुंगरू ऐकू येत नाही आणि अंतराचा अंदाजही चुकतो. म्हणून या वर्षी त्याला नवी सवय लावली: मी तळहात दाखवला की जिथे असेल तिथे बसायचं.

डिसेंबरात एका सकाळी तो हिकरी नावाच्या एका झाडाखाली बसला आणि भुंकला. मी वर बघितलं, काही नाही. सगळी पानं गळलेली, फांद्या उघड्या. मला वाटलं, चुकला बिचारा. पण ठमी लगेच उडून वरच्या फांदीवर जाऊन बसली. तिनं माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवला. मी पलीकडे जाऊन रानद्राक्षाची वेल हलवली. सालीच्या सुटलेल्या ढलपीमागून एक तांबूस खार सरकली. खार नेहमी आपल्या आणि शत्रूच्या मध्ये खोड ठेवते. एका बाजूला मोत्या, दुसऱ्या बाजूला मी, म्हणजे तिला आडोसा उरला नाही. ठमी पंख मिटून खोडाला वळसा घालत खाली आली आणि दोघी पाचोळ्यात पडल्या. मी धावत जाऊन खारीचं डोकं हातमोज्यात धरलं आणि तिला झटकन संपवलं. मागे वळलो तर मोत्या दहा पावलांवर बसलेला होता, माझ्या तळहाताकडे बघत. मी हात दाखवायलाही विसरलो होतो.

असा कुत्रा मी घरी ठेवणार नाही. ज्या सकाळी त्याला उठायला तीनदा प्रयत्न करावा लागेल, त्या दिवसापासून ठेवीन.

प्रश्न: खार चावल्यामुळे बाजाचे पाय अधू होतात, हे खरं का?
– एक विद्यार्थी

उत्तर: खरं आहे. ठमी रेड-टेल्ड हॉक आहे, म्हणजे लाल शेपटीचा बाज. शिकारीच्या वेळी तिचं वजन 1,140 ग्रॅमच्या आसपास ठेवतो. इथली तांबूस खार कधीकधी किलोभर भरते आणि तिचे दात हिकरीच्या फळाचं टणक कवच फोडतात. बाजाचं बोट ते सहज तोडतात. म्हणून ठमीच्या पायांना चामड्याची पट्टी बांधतो, पण बोटं उघडीच राहतात. खारीला डोक्यावर धरायचं हे पक्षी अनुभवानं शिकतो. पहिल्याच हंगामात ठमीच्या उजव्या पायाच्या मागच्या बोटाला चावा बसला. वर दिसत होती जेमतेम एक टाचणीभर खूण, पण तिसऱ्या दिवशी बोट सुजलं आणि महिनाभर उडणं बंद. तेव्हापासून प्रत्येक शिकारीनंतर घरी येऊन दोन्ही पाय कोमट पाण्यानं धुतो आणि भिंगातून एकेक बोट तपासतो. हे ज्याला जमणार नाही त्यानं खारींच्या मागे पक्षी सोडू नये. सशावर सोडावा.

प्रश्न: मला हे शिकायचं आहे. भारतात करता येईल का?
– एक वाचक

उत्तर: नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार जंगली शिकारी पक्षी पकडणं किंवा पाळणं तिथे गुन्हा आहे. कृपया तो विचार सोडा. अमेरिकेत परवाना मिळतो, पण आधी लेखी परीक्षा, मग पक्ष्याच्या खोलीची तपासणी आणि एखाद्या अनुभवी बाजदाराच्या हाताखाली किमान दोन वर्षं उमेदवारी.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल. इथे बाज ज्या सापळ्यानं पकडतात त्याला ‘बाल-छत्री’ म्हणतात. हे नाव आपल्याकडून आलंय. जाळीच्या पिंजऱ्यात आत उंदीर सुरक्षित, वरून फास. पूर्वी ते घोड्याच्या केसांचे असत, आता नायलॉनचे. ठमी तशीच सापडली, तिच्या पहिल्या हिवाळ्यात, शेपूट अजून तपकिरी पट्ट्यांची असताना. डाव्या पायाचं मधलं बोट एकाच फासात अडकलं होतं. मी तो सोडवत होतो आणि मोत्या गाडीच्या काचेला नाक लावून बघत होता. काचेवरचा तो डाग मी बरेच दिवस पुसला नाही.